एकटीचं कर्ज आणि तिघींची वही



आठवीला चक्रवाढ व्याज शिकवताना मी दरवर्षी एक गणित फळ्यावर लिहिते. दरमहा ३.५ टक्के व्याज, तर वर्षाला किती? पोरं लगेच गुणाकार करतात आणि ओरडतात, "बेचाळीस, बाई!" मग मी सूत्राने करायला लावते. १.०३५ चा बारावा घात काढला की १.५११ येतं, म्हणजे वर्षाला ५१ टक्क्यांच्याही वर. वर्ग जरा गप्प होतो. हा दर मी मनाने घेतलेला नाही. बऱ्याच क्रेडिट कार्डांचा थकबाकीवरचा दर याच्याच आसपास असतो.

हे गणित शिकवत असताना माझ्या स्वतःच्या कार्डावर ४०,००० रुपये थकलेले होते. शिवाय बँकेचं पर्सनल लोन, पतपेढीचं कर्ज आणि एका मैत्रिणीचे हातउसने. स्टाफरूममध्ये कुणालाच माहीत नव्हतं. माझ्यासारख्याच आणखी दोघी त्याच स्टाफरूममध्ये बसत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. मी अविवाहित, दुसरी नवरा गेल्यानंतर मुलाला एकटीने वाढवणारी आणि तिसरी संसार मोडल्यावर भाड्याच्या खोलीत राहणारी. दोघींना विचारूनच हे लिहिते आहे. नावं आणि गाव मुद्दाम देत नाही.

एकट्या माणसाचं कर्ज वेगळं का?

हप्ता सगळ्यांना सारखाच असतो, मग वेगळं काय? एक तर उघड आहे. घरभाडं, गॅस, लाईटबिल हे दोन पगारांत वाटलं जात नाही. आजारी पडून बिनपगारी रजा झाली की त्या महिन्याचा हप्ता परत जातो, बँक त्यावर दंड लावते आणि घरात दुसरं कुणी कमावतं नसतं.

दुसरी गोष्ट बोलली जात नाही. "तुला काय खर्च? एकटीच तर आहेस." हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. वडिलांचं ऑपरेशन, भाच्याची फी, पुतणीच्या लग्नातला आहेर, सगळ्यांची नजर एकट्या माणसाकडे वळते, कारण त्याच्या पगाराला कुणी वाली नाही असं घरच्यांना वाटतं. आम्हा तिघींची कर्जं पुढे एकत्र मांडली तेव्हा निम्म्याहून जास्त रक्कम स्वतःसाठी खर्चच झालेली नव्हती. ही तक्रार नाही, वडिलांच्या ऑपरेशनला मी आजही पैसे देईन. पण "नाही जमणार" म्हणण्याआधी जोडीदाराचं निमित्त तरी पुढे करता येतं. आम्हाला तेही नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे हिशेब फक्त स्वतःच्या डोक्यात असतो. डोक्यातला हिशेब सोयीचा असतो. मी कित्येक महिने "साधारण तीनेक लाख" असं धरून चालले होते. वहीवर मांडलं तेव्हा आकडा तीन लाख एकाहत्तर हजार निघाला.

किमान रक्कम भरण्याचं गणित

हा भाग सविस्तर लिहिते, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान रक्कम भरली की दंड लागत नाही, फोन येत नाहीत, म्हणून वाटतं कर्ज फिटतंय.

समजा थकबाकी ४०,००० आहे, व्याज महिन्याला ३.५ टक्के आणि किमान रक्कम ५ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज १,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २५२. तुम्ही भरले २,०००. मुद्दल कमी झालं फक्त ३४८ रुपयांनी! असंच दरमहा पाच टक्के भरत वर्ष काढलं, कार्ड एकदाही वापरलं नाही, तरी वर्षभरात जवळपास २३,००० रुपये भरून थकबाकी राहते ३६,००० च्या आसपास.

आता तेच कार्ड बंद ठेवून दरमहा ठरलेले ५,००० भरले तर? दहा महिन्यांत संपतं आणि एकूण साधारण साडेएकोणपन्नास हजार जातात. वर्गात हे कोष्टक मुलांकडून भरून घ्या, दर महिन्याची ओळ वेगळी लिहायला लावा. घरी जाऊन एखादा मुलगा ते बाबांना दाखवतो, असाही अनुभव आहे.

आधी कोणतं कर्ज फेडायचं यावर लोक वाद घालतात. हिशेबाने सगळ्यात महाग व्याजाचं आधी. मनाच्या दृष्टीने सगळ्यात लहान आधी, कारण एक तरी नाव वहीतून खोडलं की हुरूप येतो. माझं मत विचाराल तर कार्डासारखं महाग कर्ज असेल तर दुसरा विचारच नको, ते आधी. फक्त हातउसन्यांचा अपवाद करा. त्याला व्याज नाही, पण समोरच्या माणसाला दिवाळीत तोंड दाखवायचं असतं. मी मैत्रिणीला महिन्याला पाचशे का होईना देत राहिले आणि तिचे फोन टाळणं बंद झालं.

वही एकत्र उघडायची म्हणजे काय

आमची सुरुवात अगदी योगायोगाने झाली. जून महिन्यात सॅलरी स्लिपा आल्या, त्यात पतपेढीची कपात बघून तिसरी सहज म्हणाली, "हातात येतं काय यातलं?" दुसरी म्हणाली, "माझं विचारू नकोस." मग मी माझा आकडा सांगून टाकला. मला वाटलं होतं दोघी गप्प होतील. तिसरीने स्वतःचा सांगितला, तो माझ्यापेक्षा मोठा होता.

तेव्हापासून पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तिघी एकीच्या घरी बसतो. प्रत्येकीची साधी दोनशे पानी वही. देणेकऱ्याचं नाव, मुद्दल, व्याजदर, हप्ता, उरलेले हप्ते. मागच्या महिन्यात काय भरलं, काय राहिलं, ते मोठ्याने वाचायचं. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. "मग तो मोबाईल कशाला घेतलास?" हा प्रश्न विचारायचा नाही, हा नियम तर मलाच उद्देशून झाला. काय करणार, बाईपणाची सवय.

ही काही नवी युक्ती नाही. आपल्याकडच्या बचत गटांचं बळ त्यातच आहे. नाबार्डने १९९२ साली गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, पण गट चालतो तो दहा-वीस बायकांच्या समोर हप्ता मोजला जातो म्हणून. फरक इतकाच की गटात पैसा फिरतो आणि आमच्या बैठकीत फक्त माहिती. तो फरक आम्ही चुकीतून शिकलो.

मी केलेली चूक

तिसऱ्या महिन्यात दुसरीच्या मुलाची फी अडली आणि मी तिला आठ हजार दिले. मन मोठं केल्यासारखं वाटलं. पुढच्या बैठकीत ती आलीच नाही. त्याच्या पुढच्या बैठकीत आली, पण वही आणली नव्हती. शाळेत डबा खायला दुसऱ्या टेबलावर बसायला लागली. मला आधी राग आला, मग कळलं. आता मीही तिच्या वहीतल्या देणेकऱ्यांपैकी एक झाले होते. माझ्यासमोर ती "या महिन्यात कार्डाला जास्त भरले" हे कसं वाचणार? शेवटी तिसरी मध्ये पडली. मी आठ हजार रुपये परत मागणार नाही असं म्हणाले, तर दुसरी आणखीच दुखावली. मग महिना हजार रुपये असे आठ हप्ते ठरले आणि तिने ते फेडले. त्या आठ महिन्यांत आमच्यात पूर्वीसारखं बोलणं झालं नाही, हे खरंच सांगते.

तेव्हापासून आपसात रोख रक्कम नाही. बाकी पुष्कळ देता येतं. किराणा एकत्र घाऊक आणणं, एका स्कूटीवर दोघींनी येणं, दुसरी मुलाला घेऊन दवाखान्यात असेल तेव्हा तिचे पेपर तपासून देणं. नातेवाइकांचा फोन आला की आधी एकमेकींना विचारायचं. "मैत्रिणीशी बोलून उद्या सांगते" एवढं वाक्य हाताशी असलं तरी त्या घटकेला "हो" निघत नाही. आणि नवीन कर्ज घेण्याआधी दोन रात्री जाऊ द्यायच्या, त्या दोन दिवसांत दोघींपैकी एकीला तरी सांगायचं.

भिशीबद्दल विचारणा होते म्हणून लिहिते. कर्ज नसेल तर ओळखीच्यांतली लहान भिशी ही बचतीची सवय म्हणून ठीक. पण डोक्यावर महाग कर्ज असताना भिशी आधी उचलली की ते आणखी एक देणंच होतं, आणि चालवणारा पळाला तर दाद मागणं कठीण जातं.

जामीन राहणं ही मदत नव्हे

शिक्षकांत हे फार चालतं. पतपेढीच्या अर्जावर "जरा सही करा हो सर" म्हटलं की सर सही करतात. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे पतसंस्था आधी त्याच्याकडे जाईल आणि मग माझ्याकडे येईल, असा भरवसा धरू नका. एकट्या माणसाने तर सही करताना स्वतःला विचारावं, हा पूर्ण हप्ता उद्यापासून माझ्या पगारातून जायला लागला तर मी उभी राहीन का? आम्ही तिघी एकमेकींना जामीन नाही. सुरुवातीला ते कोरडं वाटलं, आता नाही वाटत.

फोन यायला लागले तर

तिसरीचे दोन हप्ते चुकले तेव्हा वसुलीवाल्याचा फोन रात्री साडेनऊला आला आणि ती रडत माझ्याकडे आली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बदनामी हेही चालत नाही. आम्ही त्या रात्री काय केलं? फोनची वेळ आणि नंबर वहीत लिहिला, मेसेज जपून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत मी बँकेत गेले. लेखी तक्रार दिली आणि हप्ता कमी करून मुदत वाढवण्याचा अर्जही त्याच दिवशी दिला. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. सोबत कुणी असलं की काउंटरवर आवाज कापत नाही. मदत म्हणजे माझ्या मते बऱ्याचदा एवढीच असते.

मोबाईल ॲपवरचं झटपट कर्ज हे वेगळंच प्रकरण. जे ॲप तुमची संपर्कयादी आणि फोटो मागतं त्यापासून लांब राहा, कर्ज देणाऱ्या ॲपला त्याची परवानगीच नाही. कुणी फोटो बिघडवून ओळखीच्यांना पाठवायची धमकी दिली तर १९३० वर सायबर तक्रार करा आणि तुमच्या माणसांना तुम्ही स्वतःच आधी सांगा. धमकीतला जोर तिथेच निम्मा होतो. पालकांनी मोठ्या मुलांच्या कानावर हे जरूर घालावं.

या काळात मन खचतं. कुणी सतत "माझ्यानंतर तरी सुटेल" असलं बोलायला लागलं तर वही बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर बोला. तिथे मराठीतही बोलता येतं.

कर्ज संपल्यावरची कामं

शेवटचा हप्ता गेला की लोक पेढे वाटतात आणि कागद विसरतात. बँकेकडून बेबाकी दाखला घ्या. कार्ड बंद करायचं असेल तर तसा लेखी अर्ज द्या, नुसतं कापून टाकल्याने ते बंद होत नाही. थोडी रक्कम भरून "सेटलमेंट" करण्याचा फोन आला तर लगेच हुरळू नका. अहवालात ते कर्ज "पूर्ण फेडलं" असं न दिसता "सेटल्ड" असं दिसतं आणि पुढच्या कर्जाला आडवं येतं. दुसरा मार्गच नसेल तर गोष्ट वेगळी, पण मग लेखी घ्या. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. महिन्या-दोन महिन्यांनी तो काढून बघा. चूक दिसली तर तक्रार करा, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

माझं कार्ड आणि पतपेढी दोन्ही संपलं. पर्सनल लोनचे चार हप्ते बाकी आहेत. दुसरी मागच्या मार्चमध्ये मोकळी झाली, तरी बैठकीला येते, आता तिच्या वहीत मुलाच्या डिप्लोमासाठीची आवर्ती ठेव असते. तिसरीचे अजून अकरा हप्ते आहेत. पुढच्या रविवारी बैठक तिच्याकडेच आहे.