फॉक्सप्रो सोडायचं का? आधी डेटा पाहा

फॉक्सप्रोत लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर रोजचा हिशेब ठेवणाऱ्या पतसंस्था, दुकानं आणि कार्यालयं आजही आहेत. ते बदलायचं का, हा विषय निघाला की बोलणं लगेच वयावर येतं. माझ्या मते वय हा निकषच चुकीचा आहे, आणि बरेचसे गैरसमज त्यातूनच आले आहेत.

‘मायक्रोसॉफ्टने बंद केलं, म्हणजे ते कधीही थांबेल’, हा त्यातला पहिला. व्हिज्युअल फॉक्सप्रोची ९ नंतर नवी आवृत्ती येणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्टही संपला, हे खरं. पण ९ वर केलेले प्रोग्रॅम ३२ बिटचे आहेत, ते विंडोज ११ वर चालतात. डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ चं तसं नाही. डॉसचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत आणि विंडोज ११ मध्ये ३२ बिटची आवृत्तीच नाही. डॉसबॉक्ससारख्या साधनाने थोडी सवड मिळेल, एवढंच. तेव्हा आपल्याकडे नेमका कोणता फॉक्सप्रो आहे, हे आधी पाहा.

‘जुनं म्हणजे मंद’ हेही खरं नाही. एका संगणकावर फॉक्सप्रोचा शोध आजही झपाट्याने चालतो. अडचण वेगळीकडे आहे. फॉक्सप्रोचा डेटा ज्या डीबीएफमध्ये असतो, ती साधी फाइल असते आणि नेटवर्कवरचा प्रत्येक संगणक ती थेट उघडतो. लिहिता लिहिता वीज गेली तर इंडेक्स बिघडू शकतो. एक फाइल २ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे, ज्याला शेअर केलेलं फोल्डर दिसतं, त्याला सगळी सभासदयादी पेनड्राइव्हवर नेता येते. बदलायचं खरं कारण हे आहे. लोकांच्या ठेवी, कर्जं आणि फोन नंबर ज्यांच्या भरवशावर आहेत, त्यांनी ‘चालतंय ना’ म्हणून हा धोका पत्करू नये.

मग ‘कन्व्हर्टर लावला की झालं’ असं सांगणारे भेटतात. इथे मात्र सावकाश जावं. फॉक्सप्रोत नोंद डिलीट केली तरी ती फाइलमधून जात नाही, तिच्यावर फक्त खूण पडते. पॅक केल्यावरच ती खरोखर पुसली जाते. ही खूण न पाहता डेटा उचलला, तर खातं बंद केलेले सभासद नव्या यादीत परत येतात. फॉक्सप्रोत तारीख कोरी ठेवता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जाताना त्या कोऱ्या जागी ३० डिसेंबर १८९९ सारखी तारीख येऊन बसू शकते, आणि चालू कर्ज शतकापूर्वी फिटल्यासारखं दिसतं.

सर्वांत जास्त काम मराठी नावांचं. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम किंवा श्रीलिपी वापरून भरलेली नावं बहुतेक युनिकोडमध्ये नसतात. अक्षरांच्या तुकड्यांना फॉन्टने दिलेले क्रमांक तेवढे फाइलमध्ये असतात. फॉन्ट काढला की ‘शिर्के’च्या जागी रोमन चिन्हांचा गुंता दिसतो. शिवाय अशा फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो, तर युनिकोडमध्ये हा क्रम उलटा. म्हणजे चिन्हामागे चिन्ह बदलून भागत नाही, क्रमही लावावा लागतो, आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा. जोडाक्षरांची नावं काढून ती माणसाने डोळ्यांनी तपासावीत. सभासदाचं नाव बरोबर लिहिलेलं असणं हा त्याचा हक्क आहे.

‘बदलायचं तर सगळं एकदम, मुळापासून’ हाही गैरसमजच. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम ओडीबीसीमार्फत पोस्टग्रेएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हरमधला डेटा वापरू शकतो. म्हणजे डेटा आधी सुरक्षित सर्व्हरवर न्यावा, कर्मचाऱ्यांच्या सवयीचे स्क्रीन काही काळ तेच ठेवावेत आणि मग ते एकेक करून बदलावेत. त्यासाठी कोडमध्ये दुरुस्त्या लागतात, पण नव्याने सगळं लिहिण्यापेक्षा त्या कमी असतात. मूळ सोर्स हाती असायला हवा, ही अट आहे. तो लिहिणारा प्रोग्रॅमर अजून भेटत असेल तर सोर्स आजच मागून घ्या. व्याज कुठल्या टप्प्यावर पूर्णांकात आणायचं, हा नियम अनेकदा त्या कोडमध्येच असतो, कागदावर कुठेही नसतो.

पैशापैशाचा फरक तिथूनच निघतो. म्हणून दोन्ही प्रणाली निदान एका मार्चअखेरपर्यंत बरोबरीने चालवाव्यात आणि खातेनिहाय व्याज व तेरीज जुळवावी. जुळल्यावरही डीबीएफच्या फाइली, त्यांचे फॉन्ट आणि तो जुना प्रोग्रॅम यांची एक प्रत जपून ठेवा. लेखापरीक्षक मागच्या वर्षांची खाती मागू शकतात.