शोधात आलं नाही, म्हणजे नव्हतंच का?

संस्थानी अहवाल, गॅझेटियर, जुनी नियतकालिकं आता स्कॅन होऊन ऑनलाइन मिळतात. चौकटीत शब्द टाकला की क्षणात पानं समोर येतात. सोय मोठीच आहे, पण तिच्यामुळे एक सवय लागते. ‘शोधून पाहिलं, काही आलं नाही, म्हणजे त्या काळी असा उल्लेख नसणार,’ असं आपण सहज म्हणून जातो. असा निष्कर्ष लिहिण्याआधी शोधयंत्र काय करतं, ते थोडं समजून घेऊ.

यंत्राची सूची

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते: शब्द आणि त्यापुढे पानांचे क्रमांक. यंत्र आधीच सगळा मजकूर वाचून अशीच, पण जवळपास प्रत्येक शब्दाची सूची करून ठेवतं. आपण विचारतो तेव्हा ते पानं चाळत नाही, फक्त सूची बघतं. वेग येतो तो इथून. मात्र साध्या सूचीला अर्थ कळत नाही, तिला अक्षरं जुळवता येतात. काही यंत्रं शब्दाची वेगवेगळी रूपं एकत्र आणतात, पण प्रत्येक संग्रहात ही सोय असेलच असं नाही.

आता ‘बडोदा’ घ्या. मजकुरात बडोदे, बडोदें, बडोद्यास, बडोद्याच्या अशी कितीतरी रूपं असतात. अख्खा शब्द जुळवणाऱ्या यंत्राला यातलं एकही रूप ‘बडोदा’ वाटत नाही. शब्दाची सुरुवात शोधायची सोय असेल, तर नुसतं ‘बडोद’ टाकावं, ही सगळी रूपं येतात. ‘इंदूर’ला तेवढ्यानं भागत नाही. ‘इंदुरास’मध्ये ऊ ऱ्हस्व होतो आणि हिंदी कागदांत इंदौर किंवा इन्दौर असतं. तसंच शिंदे आणि सिंधिया, होळकर आणि होलकर.

परकी नावं तर आणखी फसवतात. सयाजीराव गायकवाडांनी ग्रंथालयांच्या कामासाठी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बडोद्याला आणलं. त्यांचा शोध घेताना ‘बॉर्डन’ही टाकून पाहायला हवं.

स्कॅनवरून अक्षर ओळखताना यंत्र घ-ध, भ-म यांत गोंधळतं, ते वेगळंच. मोडीत तर दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नसत. त्यामुळे शब्द कुठे तोडला आणि कसा लिहिला, हे लिप्यंतर करणाऱ्यावर अवलंबून असतं.

मोजताना

शब्द मोजून आलेख काढणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले. फक्त ‘बेळगांव’ मोजलं, तर त्यानंतर आलेख उतरताना दिसेल. म्हणून काय बेळगावबद्दल लिहिणं कमी झालं? बदललं ते लेखन. पुढे २०१४ साली सरकारी नाव बेळगावी झालं, तेही मोजणीत धरावं लागतं.

शोध किती भरवशाचा?

त्यासाठी दोन मापं आहेत. समजा, एका संग्रहात आपल्या विषयाची खरोखर ४० पानं आहेत. शोधानं २० पानं दिली, त्यांतली १६ कामाची निघाली. मग अचूकता २० पैकी १६, म्हणजे ८० टक्के. पण व्याप्ती ४० पैकी १६, म्हणजे ४० टक्केच. अचूकता डोळ्यांना दिसते, कारण आलेली पानं समोर असतात. न आलेली २४ पानं दिसतच नाहीत, आणि इतिहासात चूक होते ती त्यांच्यामुळे.

व्याप्तीचा अंदाज घेता येतो. संग्रहातली शंभरएक पानं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि स्वतः वाचा. विषयाची १० पानं हाती लागली आणि शोधानं त्यांतली ४च दिली असतील, तर आपला शोध निम्म्याहून अधिक गाळतोय. नमुना लहान असल्यानं हा अंदाजच, पण डोळे उघडायला पुरेसा.

म्हणून टिपणात ‘उल्लेख नाही’ एवढंच लिहू नये. कोणता संग्रह, कोणत्या तारखेला, कोणकोणती रूपं टाकून पाहिली, ते लिहावं. मग पुढचा अभ्यासक राहिलेलं रूप टाकून पाहील, आणि कदाचित त्याला ते पान सापडेलही.