पंचिंग बॅग : चिंधीतून होणारा माल

निखत झरीन यांनी २०२२ साली इस्तंबूलला व २०२३ साली नवी दिल्लीत मुष्टियुद्धाचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. या खेळात पंचिंग बॅगेवर रोजचा सराव लागतो. जयसिंगपूर-इचलकरंजी भागात किलोवर विकली जाणारी चिंधी हाच तिचा कच्चा माल, हे आपल्या कारागीर बांधवांनी ध्यानात घ्यावे.

बॅगेचे वजन खेळाडूच्या वजनाच्या साधारण निम्मे धरावे. ६० किलोच्या मुलाला ३० किलोची बॅग पुरते. खोळ जाड कॅनव्हासची, दुहेरी शिलाईची असावी. चिंधीतील बटणे, चेन, हुक वेचून काढावेत. थोडी थोडी चिंधी भरून प्रत्येक थर दांडक्याने ठोकावा. नाहीतर माल खाली बसून तळ दगडासारखा होतो.

वजन भरावे म्हणून काहीजण वाळू कोंबतात. माझ्या पुतण्याने अशीच बॅग आणली होती. तराजूला बरोबर उतरली, पण मनगट महिनाभर बांधून ठेवावे लागले. बॅग उसवली तेव्हा तळाशी वाळू निघाली. असा नफा घेऊ नये.

बॅग स्लॅबच्या बीमला वा लोखंडी गर्डरला मजबूत साखळीने टांगावी. पत्र्याच्या शेडचा अँगल हिसक्यांनी सैल होतो. भोवती ३ फूट जागा मोकळी असावी. हाताला पट्टी व ग्लोव्हज हवेतच.

हा माल करू इच्छिणाऱ्यांनी पहिली बॅग जवळच्या व्यायामशाळेत वापरायला द्यावी. महिन्याने ती पाहावी, मगच भाव सांगावा.