संगीत परिषद : जिथे शास्त्राला गळ्याची साक्ष लागते

मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिची आखणी मुंबईच्या विष्णु नारायण भातखंडे यांची. वकिली मागे टाकून हा माणूस ग्रंथ आणि बंदिशींच्या शोधात देश पालथा घालत होता. १९०४ मध्ये दक्षिणेत, १९०७ मध्ये नागपूर-कलकत्त्याकडे. जुन्या ग्रंथांत रागाचे रूप एक आणि घराण्यांच्या गळ्यात दुसरे, हे त्यांना जागोजागी दिसत होते. त्याचा निवाडा एकट्याने करण्याजोगा नव्हता. पंडित आणि उस्ताद एका मांडवाखाली आणणे भाग होते.

बडोद्यात ते घडले, आणि गाजला तो श्रुतींचा वाद. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी सप्तकातल्या २२ श्रुतींचे गणित मांडून त्या वाजवणारी खास पेटी पुढे आणली होती. तंजावरचे अब्राहम पंडितर म्हणत होते, श्रुती २४. त्यांच्या मुलींनी वीणेवर ते मत सप्रयोग मांडले. पेटीची परीक्षा झाली ती झाकिरुद्दीन खाँ या ध्रुपदियाच्या गळ्यासमोर, आणि तिला परिषदेची मान्यता मिळाली नाही. कागदावरचे गणित कितीही नेटके असो, शेवटचा कौल गाणाऱ्याच्या गळ्याचा आणि ऐकणाऱ्याच्या कानाचा. परिषद नावाच्या संस्थेचे खरे बळ मला इथे दिसते.

पुढे दिल्ली, बनारस आणि दोनदा लखनौ अशा परिषदा झाल्या. त्यांतूनच १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज उभे राहिले. आज ते भातखंडे यांच्या नावाने ओळखले जाते. नृत्यालाही असाच मंच मिळाला. संगीत नाटक अकादमीने १९५८ मध्ये दिल्लीत नृत्यावर परिसंवाद घेतला. तिथे कालिचरण पटनायकांनी ओडिसीवर निबंध वाचला, जोडीला प्रत्यक्ष नृत्य झाले. ओडिसीला शास्त्रीय नृत्य म्हणून मान मिळण्याच्या वाटेवरचा तो महत्त्वाचा टप्पा.

नागपूरमधल्या आमच्या कळमन्याला लोक ओळखतात ते धान्य, मिरची आणि संत्र्यांच्या बाजारामुळे. पण इथले रेल्वे स्थानक हावडा मार्गावर आहे. त्याच मार्गाने गोंदियाच्या पुढे डोंगरगडला उतरले की खैरागड जवळ. तिथले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १४ ऑक्टोबर १९५६ रोजी सुरू झाले, तेव्हा खैरागड आणि नागपूर एकाच मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर लखनौचे कॉलेज सांभाळून पुढे खैरागडला कुलगुरू झाले. बडोद्याचा धागा असा आमच्या दारावरून गेला.

आजच्या परिषदांची रीत ठरलेली आहे. आधी विषयाचे आवाहन निघते, अभ्यासक सारांश पाठवतात, निवड झालेले निबंध वाचले जातात, मग प्रश्नोत्तरे. १९४७ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या लोकसंगीताच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तर २०२३ मध्ये आपल्या नावातच संगीताशेजारी नृत्याला जागा दिली. नाच आणि गाणे वेगळे काढता येत नाही, हे आपल्या पूर्व विदर्भाला कोणी शिकवायला नको. खडी गंमत बघा: शाहीर उभ्याने गातो, ढोलकी आणि डफ त्याला धरून असतात, बाईच्या वेशातला नाच्या त्याच लयीवर पाय टाकतो. झाडीपट्टीच्या दंडारीतही पाऊल आणि ताल एकमेकांत गुंतलेले.

म्हणून यापुढच्या परिषदांकडे माझे मागणे आहे. खडी गंमतीवर निबंध असेल, तर त्या सत्रात शाहीर हवा आणि ढोलकीवालाही हवा. निबंधकाराने लयीबद्दल जे म्हटले, ते तिथेच वाजवून पाहावे. शाहिराला ते पटले नाही तर त्याचा आक्षेप इतिवृत्तात नावानिशी नोंदवावा. प्रवासखर्च आणि मानधन प्राध्यापकांना मिळते तेवढेच त्यालाही मिळावे. संध्याकाळच्या करमणुकीपुरते लोककलावंत बोलावण्याची प्रथा आता पुरे. बडोद्यात गळ्याने पेटीची परीक्षा घेतली. आपल्या निबंधांची परीक्षा घेण्याचा हक्क ढोलकीलाही आहे.