लाल डोळा : कशाला भ्यावे, कशाला नाही

सकाळी तोंड धुताना आरशात पाहावे, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा गडद डाग! ना दुखणे, ना खुपणे. घरातली माणसे मात्र हादरून जातात. वस्तुतः दिसायला सर्वांत भयंकर असलेला हा प्रकार बहुधा सर्वांत निरुपद्रवी असतो. जोराचा खोकला, शिंक, उलटी किंवा शौचाच्या वेळी कुंथणे, एवढ्यानेही पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखालची एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी फुटते. हा डाग एक-दोन आठवड्यांत आपोआप विरतो. तो वारंवार येत असेल तर रक्तदाब तपासून घ्यावा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना कळवावे, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मार लागल्यानंतर डाग उमटला असेल, तर मात्र तपासणी लांबवू नये.

लाली किती, यावरून धोका किती हे ठरत नाही. डोळ्यात कळ येते का, उजेड सहन होतो का आणि दृष्टी मंदावली आहे का, हे पाहावे. यातील शेवटचा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो, कारण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. म्हणून एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचावेत, मग दुसरा झाकून. चष्मा असेल तर तो लावूनच.

साध्या ‘डोळे येण्या’त हे आकडे नीट दिसतात, चिपडांमुळे धूसर वाटलेच, तर पापण्या मिचकावल्यावर ते स्पष्ट होतात. 2023च्या पावसाळ्यात आळंदीसह राज्याच्या अनेक भागांत पसरलेली साथ याच प्रकारची होती. रोग्याकडे नुसते पाहिल्याने ती लागत नाही. लागते ती हातांतून, टॉवेलातून, उशीच्या अभ्र्यातून. काळ्या चष्म्याने शेजाऱ्याचे रक्षण होत नाही, रोग्याला उजेडापासून आराम तेवढा मिळतो. मुलांच्या डोळ्यांना दर उन्हाळ्यात नुसती खाज सुटत असेल, तर ती बहुधा ॲलर्जी होय.

आता गंभीर बाजू. ऊसतोडणीच्या हंगामात पात्याची धार किंवा भातकापणीत लोंबीचे कुसळ बुबुळाला ओझरते लागते. पाणी येते, थोडे खुपते आणि माणूस कामाला लागतो. त्या ओरखड्यातून बुरशी आत शिरते. तिची चाल संथ असते. चार-आठ दिवसांनी डोळा लाल होतो, सलू लागतो, बुबुळावर पांढुरका ठिपका दिसतो. नेमक्या याच वेळी घरातली जुनी बाटली बाहेर निघते किंवा औषधांच्या दुकानातून ‘लाली घालवणारे’ थेंब आणले जातात. अशा थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असते. लाली एक-दोन दिवस खरोखर उतरते, रोगी समाधान पावतो आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. पुढे बुबुळावर फूल पडते, कधी डोळा गमवावा लागतो. वास्तविक स्टेरॉइड हे दुष्ट औषध नव्हे. बुबुळाच्या आतील दाहात तेच दृष्टी वाचवते. परंतु कोणत्या लालीला ते द्यावे, हे भिंगाच्या यंत्राखाली डोळा पाहिल्यावाचून कळत नाही. मध, एरंडेल आणि अंगावरचे दूध यांचीही जागा डोळ्यात नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, तर लेन्स तत्काळ काढावी आणि त्याच दिवशी तपासून घ्यावे.

दुसरा चकवा रात्रीचा. पन्नाशीच्या पुढची गृहिणी; कपाळाची एक बाजू ठणकते, उलट्या होतात. घरचे पित्त समजून सुंठ-साखर देतात. एक डोळा लाल आहे आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत आहेत, याकडे लक्ष जात नाही. डोळ्यातील द्रवाची वाट अचानक बंद होऊन आतील दाब वाढतो, त्या तीव्र काचबिंदूची ही लक्षणे. येथे सकाळची वाट पाहणे महागात पडते. काही तासांतच नेत्रतंत्तूंची कायमची हानी होऊ शकते. वेळीच गाठल्यास औषधांनी दाब उतरवता येतो, नंतर लेसरने वाट मोकळी करता येते. दुसरा डोळाही त्याच घडणीचा असल्याने बहुधा त्यालाही लेसर करून ठेवतात.

आणि एक धोका घरातच, आजोबांच्या तंबाखूच्या चंचीत असतो. चुन्याची पुडी दाबताना तो मुलाच्या डोळ्यात उडाला, तर आधी दवाखाना नव्हे, आधी नळ. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार किमान अर्धा तास सोडावी, पापणीखाली अडकलेले कण ओल्या स्वच्छ कापडाने अलगद टिपावेत. मूल कितीही रडले तरी धार थांबवू नये. रिक्षा दुसऱ्या कोणी बोलवावी.