108 घागरींचा माग

20 मार्च 1927. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागोमाग हजारो अस्पृश्य सत्याग्रही महाडच्या चवदार तळ्यात उतरले, ओंजळीने पाणी प्याले. तळं बाटलं म्हणून सवर्णांनी मग 108 घागरींनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून त्याची ‘शुद्धी’ उरकली. पाणी कोणी नासवलं आणि केव्हा, हे ठरवणाऱ्या आजच्या रसायनतज्ज्ञाने या प्रकाराची नोंद कशी केली असती?

‘कोणी’चं उत्तर विष्ठेतल्या स्टेरॉलमध्ये असतं. माणसाच्या आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलचं कोप्रोस्टॅनॉल करतात. गाय चारा खाते. तिच्या शेणात वनस्पतींच्या स्टेरॉलपासून झालेलं, दोन कार्बन जास्त असलेलं त्याचं भावंड भरपूर सापडतं. हे रेणू पाण्यात विरघळत नाहीत म्हटलं तरी चालेल. ते गाळाला चिकटून तळाशी बसतात आणि तिथे प्राणवायू नसेल तर शतकानुशतकं टिकतात. अमेरिकेत काहोकिया या प्राचीन नगराजवळच्या तळ्यातल्या अशाच रेणूंवरून हजार वर्षांपूर्वीची वस्ती कधी वाढली, कधी ओसरली, याचा अंदाज बांधला गेला.

‘केव्हा’साठी शिसं-210. रेडॉन वायूपासून ते हवेत तयार होतं, पावसाबरोबर खाली येतं आणि साधारण दर 22 वर्षांनी निम्मं होतं. गाळाच्या 1927 च्या थरात ते विसाव्या हिश्शाच्या आसपास उरलेलं असणार. पडताळा सीझियम-137 चा : अणुचाचण्यांतून पसरलेल्या या समस्थानिकाचा कळस 1963 च्या सुमाराचा, म्हणजे आपला थर त्याच्या बराच खाली हवा.

चवदार तळ्यात नळी खुपसली की त्या घागरी हाती लागतील, असं मात्र नव्हे. गाळ उपसला की थर कालवले जातात, आणि गावतळ्यात गुरांचं शेण एरवीही पोचतंच. पण शेण निदान शोधता तरी येतं. ओंजळीच्या ‘विटाळा’चा रेणू कुठल्याच प्रयोगशाळेच्या यादीत नाही!

गाळाच्या नव्हे, पण तळ्यावरच्या बंदीच्या वयाचा प्रश्न कोर्टातही निघाला होता. अस्पृश्यांना इथे अनादी काळापासून मज्जाव आहे, हा सवर्णांचा दावा. तशी वहिवाट सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने 17 मार्च 1937 रोजी दिला.

आज महाडला या शास्त्राची गरज आहे ती सावित्री नदीकाठी, एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यांच्या सांडपाण्यापायी. तिथे यंत्राइतकीच नमुन्याची बाटलीही महत्त्वाची. 1974 च्या जल कायद्यानुसार कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याने मागितलं तर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील ठोकायचं, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. यात कुचराई झाली, तर पृथक्करण कितीही अचूक असो, कोर्टात ते पुरावा म्हणून चालत नाही.