काटेरी तणाची शेती

व्यसनमुक्ति म्हणजे दारू अगर अफू सोडणें, इतकीच आपली समजूत असते. परंतु जिनें लहानपणीं अत्याचार सोसले व पुढें रस्त्यावर देह विकून दिवस काढले, तिला व्यसन हा दुःखावरचा लेपच वाटतो. लेप काढला कीं जखम उघडी पडते. ती भरून येण्यास घर, अवधि आणि काम हीं तिन्ही लागतात.

अमेरिकेंत टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहरीं बेका स्टीव्हन्स या ख्रिस्ती धर्मोपदेशिकेनें १९९७ सालीं अशा पांच स्त्रियांकरितां एक घर उघडलें. मुदत दोन वर्षांची. भाडें मुळींच नाहीं. घरांत राहून पहारा करणारा अधिकारीहि ठेविला नाहीं. घर चालवावयाचें तें त्या स्त्रियांनींच.

तथापि गुन्ह्याची नोंद असलेल्या बाईस नोकरी कोण देणार? म्हणून २००१ सालीं मेणबत्त्या व अंगास लावण्याचीं सुगंधी तेलें करण्याचा उद्योग काढण्यांत आला. २०१३ सालीं उपाहारगृहहि निघालें. त्याच वाटेनें आलेल्या स्त्रिया तेथें पगार घेऊन काम करतात.

संस्थेचें नांव 'थिसल फार्म्स'. थिसल हें कांटेरी तण. तें रस्त्याच्या कडेस, पडीक जमिनींतहि तग धरतें, आणि त्यास मऊ जांभळें फूल येतें!

आपणहि आश्रमांना अन्नवस्त्र देतों, तें योग्यच आहे. पण तेथून बाहेर पडणाऱ्या बाईस उद्यां कामावर कोण ठेवील, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या घरीं विचारावा.